टोलनाक्यामागचे दप्तर

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यातील महसुलाचे प्रकरण इतिहासाच्या अभ्यासकांना चांगलेच परिचित आहे. नाना फडणिसांच्या काळी परगण्याचा वसूल कमाविसदार किंवा मामलेदार करीत असे आणि त्याच्या प्रत्येक रुपयावर कोणाची ना कोणाची नजर असे. दुसऱ्या बाजीरावाने ती घडी मोडली आणि परगणे जो जास्त रक्कम देईल त्याला इजाऱ्याने देऊन टाकले. सरकारला एकरकमी पैसा मिळाला. पुढे इजारदाराने रयतेकडून किती घेतले, कसे घेतले, याची विचारपूस करण्याचे सरकारला कारण उरले नाही, आणि एल्फिन्स्टनच्या मते मुलूख नागवला गेला तो याच रीतीने. एल्फिन्स्टन जेत्यांचा प्रतिनिधी होता. पदच्युत पेशव्याविषयी त्याने गोडवे गावेत अशी अपेक्षा नाही. तथापि ही एक गोष्ट त्याने नेमकी टिपली होती, असे आमचे मत आहे.

नानांच्या काळची नजर म्हणजे काय, हे आपल्या घराण्यांना निराळे सांगण्याची गरज नसावी, कारण ती नजर आपल्या आडनावांतच उतरली आहे. कमाविसदाराच्या हाताखाली दरकदार असत : दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, चिटणीस. हे कमाविसदाराचे नोकर नव्हते. त्यांची नेमणूक सरकारातून होई आणि त्यांना काढून टाकण्याचा अधिकार कमाविसदारास नसे. मुजुमदाराने हिशेब तपासल्यावाचून, फडणिसाने नोंद केल्यावाचून कागद पुढे सरकत नसे. शिंदे-होळकरांबरोबर माळव्यात आलेल्या कुटुंबांपैकी कितीतरी कुटुंबे तलवारीपेक्षा लेखणीच्या जोरावर आली आणि राहिली. माधवराव महाराजांचे नाव लावणाऱ्या आपल्या माधवनगरात आजही दारावरच्या पाट्या वाचीत गेले, तर एका जुन्या हिशेब-तपासणीखात्याची हजेरी घेतल्यासारखे वाटेल.

हे सारे आठवण्याचे कारण मात्र जुने नाही. आपल्यापैकी बहुतेकांची मुले, नातवंडे पुण्या-मुंबईस आहेत. लग्नकार्याला, बारशाला, दवाखान्याच्या कामाला आपण तिकडे जातो तेव्हा खालापूरला आणि तळेगावजवळ मोटार थांबते, पैसे दिले जातात (आता फास्टॅगमुळे ते आपोआप कापले जातात), आणि गाडी पुढे निघते. ज्या बोरघाटातून सर जॉन माल्कमने, आपल्या माळव्याचा वृत्तांत लिहिणाऱ्या त्याच माल्कमने, १८३० मध्ये गाडीरस्ता खुला केला, त्याच घाटातून हा द्रुतगती मार्ग जातो. तो सुरेख आहे, सोयीचा आहे, त्याने चार-पाच तासांचा प्रवास निम्म्यावर आणला. आमचा प्रश्न रस्त्याविषयी नाही. तो कोणत्या कराराने उभा राहिला, कोणत्या कराराने चालला आणि ते करार वाचावयास लोकांना किती वर्षे थांबावे लागले, याचा इतिहास आम्हांस येथे मांडावयाचा आहे. शहरातील आणि शहरांना जोडणाऱ्या मोठ्या रस्त्यांचा हा इतिहास महाराष्ट्रात घडला. पण इजाऱ्याचा न्याय एका प्रांतापुरता नसतो.

मुंबई बेटावर भरधाव वाहतुकीचे मुक्तमार्ग बांधण्याची कल्पना जुनी आहे. विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागारांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या वाहतुकीचा जो अभ्यास केला, त्यात पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याने जाणारे असे मार्ग सुचविले होते. पैसा नव्हता म्हणून तीस वर्षे आराखडे कपाटात राहिले. १९९५ मध्ये राज्यात युतीचे सरकार आले, नितीन गडकरी बांधकाम मंत्री झाले, आणि १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन करण्यात आले. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण आमच्या विषयाचे बीज या घटनेत आहे.

महामंडळ ही कंपनी आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याचा खर्च दरवर्षी अर्थसंकल्पातून विधिमंडळापुढे येतो. त्यावर कपात-सूचना येतात, एखादा विरोधी आमदार रात्री उशिरापर्यंत बसून त्याची चिरफाड करतो. कंपनीने रोख्यांतून बाजारातून कर्ज उभारले, त्यास सरकारने हमी दिली, आणि ते पुढे टोलमधून फेडावयाचे ठरले, तर त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात खर्च म्हणून जवळजवळ काहीच दिसत नाही. मंत्र्याला गती मिळते. ही गती खोटी नव्हती : मुंबईतील पंचावन्न उड्डाणपुलांची योजना, पुण्याचा द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू हे सारे या एका युक्तीतून निघाले. पण ज्या दारातून विलंब बाहेर गेला, त्याच दारातून मुजुमदारही बाहेर गेला. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट मोझेसने १९३० च्या दशकापासून हेच केले होते. ट्रायबरो पुलाचे प्राधिकरण, त्याचे रोखे, त्याचा टोल; शहराच्या महापौरालाही ज्याच्या हिशेबात डोकावता येऊ नये अशी ती व्यवस्था होती, आणि मोझेस १९६८ पर्यंत तीवर आरूढ राहिला. गडकरींनी मोझेसचे अनुकरण केले असे आम्ही म्हणत नाही. पैसा नसलेली सरकारे जगात सगळीकडे याच वाटेला लागतात, इतकेच.

त्या काळच्या महाराष्ट्रात गुप्ततेचा एक ताजा धडाही गिरविला गेला होता. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला, तेव्हा ज्यांनी विजेचे बिल भरावयाचे त्यांना तो पाहावयास मिळाला नाही. व्यापारी गुपिताचे कारण सांगितले गेले. मंडळ डबघाईला आल्यावर २००१ मध्ये माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि मग करारातील कलमांची चर्चा वर्तमानपत्रांतून होऊ लागली. तोवर वर्षे निघून गेली होती. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याच्या छत्राखाली वाढलेल्या नोकरशाहीला एन्रॉनने एक नवी ढाल दिली. पूर्वी कागद दाखवावयाचा नसेल तर ‘राज्याचे हित’ म्हणावे लागे. आता ‘कंपनीचे हित’ म्हणूनही भागू लागले.

आता द्रुतगती मार्गाकडे वळू. न्याय्य लिहावयाचे तर त्याचा आरंभ उघड्यावर झाला. राइट्स आणि ब्रिटनची स्कॉट विल्सन कर्कपॅट्रिक यांना १९९० मध्ये व्यवहार्यता तपासण्याचे काम मिळाले; १९९४ च्या अहवालात खर्चाचा अंदाज १,१४६ कोटी रुपये होता. खाजगी उद्योगाकडून आलेली ३,६०० कोटींची निविदा सरकारने नाकारली, ही हकीकत गडकरी यांनी पुढे अनेक सभांतून रंगवून सांगितली आहे. मार्च १९९७ मध्ये काम महामंडळाकडे सोपविले गेले आणि तीस वर्षे टोल घेण्याची परवानगी मिळाली. निविदांची जाहिरात मोठ्या प्रमाणावर झाली, १३३ अर्ज विकले गेले, डिसेंबर १९९७ मध्ये ५५ निविदा आल्या. १ जानेवारी १९९८ रोजी काम सुरू झाले. पहिले टप्पे २००० मध्ये खुले झाले आणि २००२ मध्ये साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा संपूर्ण मार्ग. खर्च सुमारे १,६३० कोटी. महाराष्ट्राने स्वतःच्या हिमतीने बांधलेला रस्ता म्हणून मराठी माणसाला त्याचा अभिमान वाटला, आणि तो वाटणे रास्तच होते.

इजारा नंतर आला. महामंडळावर कर्जाचा बोजा होता, हप्ते थकू लागले होते. ऑगस्ट २००४ मध्ये द्रुतगती मार्गाचा आणि जुन्या पुणे-मुंबई महामार्गाचा टोल वसूल करण्याचा हक्क आयआरबी समूहातील म्हैसकर इन्फ्रास्ट्रक्चर या कंपनीस पंधरा वर्षांसाठी देण्यात आला. त्याबद्दल कंपनीने ९१८ कोटी रुपये एकरकमी भरले. टोलचे दर आधीच ठरले होते : दरसाल सहा टक्के या हिशेबाने दर तीन वर्षांनी अठरा टक्के वाढ. एल्फिन्स्टनच्या अहवालातला इजारदार आणि हा कंत्राटदार यांत मोठा फरक आहे, हे मान्य केलेच पाहिजे. बाजीरावाचा इजारदार मनास येईल ते घेई. येथे दर ठरलेला, रस्त्याची देखभाल करण्याची अट घातलेली. साम्य आहे ते दुसऱ्या जागी. किती गाड्या गेल्या आणि किती रुपये जमले, हे पैसे देणाऱ्यास ठाऊक असण्याची गरज नाही, ही समजूत दोन्हीकडे एकच.

आणि हाच तो काळ, ज्यात या समजुतीला देशभर तडा जात होता. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या घेतल्या आणि सरकारी कामांचे हजेरीपट मोठ्याने वाचून दाखविले. मेलेल्या माणसांच्या नावे मजुरी उचललेली निघाली. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी लढा दिला, ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर ते उपोषणास बसले, आणि राज्याच्या २००२ च्या कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अंमलात आला. त्याच्या चौथ्या कलमानुसार खात्यांनी कोणी न मागताही माहिती प्रसिद्ध करावयाची आहे. आठव्या कलमात मात्र ‘व्यापारी गुप्तता’ हा अपवाद ठेवला गेला. व्यापक सार्वजनिक हित असेल तर तोही ओलांडता येतो, असे त्याच कलमात लिहिले आहे. पुढची दहा वर्षे महाराष्ट्रातील टोलचा इतिहास म्हणजे या एका वाक्याच्या दोन अर्धांमधली रस्सीखेच.

पुण्यातील सजग नागरिक मंचाचे विवेक वेलणकर, संजय शिरोडकर आणि त्यांचे सहकारी यांनी ही रस्सी धरून ठेवली. हे लोक रस्त्यावर उतरून घोषणा देणारे नव्हेत. अर्ज लिहावा, उत्तर आले नाही की अपील करावे, आकडे मिळाले की त्यांची बेरीज करावी, अशी ही मुजुमदारी. राजकीय पक्षांनीही आपापल्या परीने मोजदाद केली. २०१२ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे कार्यकर्ते नाक्यानाक्यावर बसून येणारी-जाणारी वाहने मोजीत होते. त्या वेळी या प्रकाराची वर्तमानपत्रांनी थोडी चेष्टा केली. आम्हांला मात्र ते दृश्य विलक्षण वाटते. आपल्याच राज्याच्या मालकीच्या रस्त्यावरून किती गाड्या जातात हे कळण्यासाठी नागरिकांना कडेला बसून रेघा ओढाव्या लागाव्यात!

अखेर महामंडळाने टोलवसुलीचे आकडे आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावयास आरंभ केला. तेव्हा या मंडळींनी दाखवून दिले की करारात पंधरा वर्षांसाठी धरलेला २,८६९ कोटींचा वसूल मुदतीच्या पावणेतीन वर्षे आधीच, म्हणजे २०१६ अखेर पुरा झाला आहे. मग मोटारींचा टोल बंद करा, अशी मागणी झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. टोल मात्र ऑगस्ट २०१९ पर्यंत चालू राहिला.

येथे कंत्राटदाराची बाजूही मांडणे आवश्यक आहे, आणि ती अगदी पोकळ नाही. आज ९१८ कोटी भरून पंधरा वर्षांत २,८६९ कोटी मिळाले म्हणजे तिप्पट नफा झाला, असा हिशेब बाजारात कोणी करीत नाही. ९१८ कोटींवर बारा टक्के चक्रवाढ धरली तर पंधरा वर्षांत त्याचे पाच हजार कोटी होतात. अर्थात टोल दररोज हाती येत असल्याने हीही तुलना सरळ नव्हे. देखभालीचा खर्च, घाटातल्या दरडी, वाहतूक कमी होण्याचा धोका हे सारे त्याच्या अंगावर. वाहतूक अंदाजापेक्षा वाढली तर लाभ त्याचा, हे त्या धोक्याचे दुसरे टोक. आम्हांला हा युक्तिवाद पटण्यासारखा वाटतो. परंतु तो पटण्यासारखा होता, तर मग करार पहिल्याच दिवशी टेबलावर का ठेवला नाही? जो हिशेब चांगल्या मनाने समजावून देता आला असता, तो दहा वर्षे झाकून ठेवल्यामुळे चोरीचा वाटू लागला. संशयाचा खर्च कोणत्याही व्यवहार्यता अहवालात धरलेला नसतो.

त्या खर्चाचे बिल कोल्हापूरने फाडले. कोल्हापूरचे प्रकरण मुंबई-पुण्यापेक्षा आकाराने लहान, पण आमच्या मते अधिक बोधक, कारण तेथे महामार्ग नव्हता. शहरातलेच रस्ते होते. एकात्मिक रस्ते विकास प्रकल्प या नावाने सुमारे ४९ किलोमीटरचे अंतर्गत रस्ते काँक्रीटचे आणि रुंद करण्याची ही योजना. महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबीची कंपनी असा त्रिपक्षीय करार. खर्च २२० कोटी. त्या बदल्यात शहराच्या वेशींवर नऊ नाके आणि तीस वर्षे टोल; शिवाय टेंबलाईवाडी येथील सुमारे तीस हजार चौरस मीटर जागा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने.

करार होताना शहर शांत होते. आपल्याकडे सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवरील ठराव कसे ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात पुढे सरकतात, हे नगरपालिकेची एखादी सभा पाहिलेल्या कोणासही ठाऊक आहे. नाके बांधले जाऊ लागले तेव्हा कोल्हापूरकरांना उमगले की आपल्याच गावात शिरताना पैसे मोजावे लागणार, आणि तेही नातू मोठे होईपर्यंत. मग जे झाले त्याला महाराष्ट्रातील नागरी चळवळींच्या इतिहासात जोड नाही. सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे हे दोन वृद्ध नेते तिच्या अग्रभागी होते. दोघेही डाव्या विचारांचे, पण मोर्च्यात तालमीतले पैलवान, व्यापारी, वकील, रिक्षावाले, भगवे-हिरवे-निळे सगळे झेंडे. ‘देणार नाही, टोल देणार नाही’ ही त्यांची घोषणा. २०१२ च्या आरंभी पहिला मोठा मोर्चा निघाला. वसुली ऑक्टोबर २०१३ मध्ये प्रत्यक्षात सुरू झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये जमावाने नाके जाळले. जाळपोळीचे समर्थन आम्ही करीत नाही, एन. डी. पाटलांसारखा आयुष्यभर कायद्याच्या चौकटीत भांडलेला मनुष्य अग्रभागी असताना ती झाली, यावरून लोकांचा विश्वास कोठवर उडाला होता ते कळते.

आंदोलकांच्या मागण्यांत आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती टोल रद्द करण्याची नव्हे. झालेल्या कामाचे फेरमूल्यांकन करा, ही ती मागणी. रस्ते नेमके किती झाले, किती अपुरे राहिले, गटारे-पदपथ कोठे आहेत, आणि २२० कोटी खरोखर लागले काय? म्हणजे दरकदाराची नेमणूक करा, एवढेच हे लोक मागत होते. सरकारला अखेर मूल्यांकन समिती नेमावी लागली. डिसेंबर २०१५ मध्ये कोल्हापूरचा टोल कायमचा रद्द झाल्याची घोषणा झाली आणि कंत्राटदाराचे पैसे सरकारने भागवावयाचे ठरले. पानसरे हे पाहावयास नव्हते. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी फिरून येताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. त्या हत्येचा तपास आणि खटला हा वेगळाच विषय आहे, त्याचा टोलशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण कोल्हापुरात नाके उठले तेव्हा अनेकांच्या मनात त्यांची आठवण होती. एन. डी. जानेवारी २०२२ मध्ये निवर्तले.

कोल्हापूरच्या विजयाला एक काटा आहे, तो लपवून चालणार नाही. टोल उठला, पण पैसे दिले गेलेच. कोल्हापूरच्या मोटारवाल्याऐवजी ते राज्यातल्या सर्व करदात्यांनी दिले, ज्यांत कोल्हापूर कधी न पाहिलेला भंडाऱ्याचा शेतकरीही आला. तसेच २०१५ च्या जूनपासून राज्य सरकारने बारा नाके बंद केले आणि त्रेपन्न नाक्यांवर मोटारी व एसटीला सूट दिली, तेव्हाही भरपाई तिजोरीतूनच झाली. गुप्तपणे केलेला करार उघडपणे मोडावयाचा म्हटले तर दंड लोकांनाच बसतो.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराने हाच दंड अधिक ढळढळीतपणे भरला. तेथे आता मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, तेव्हा काही वाचकांना हे ठाऊकही असेल. ईस्ट-वेस्ट लिंक नावाच्या शहरी मुक्तमार्गाचा व्यवहार्यता अहवाल व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारने संपूर्ण स्वरूपात प्रसिद्ध करण्यास नकार दिला. निवडणूक नोव्हेंबर २०१४ मध्ये होती. करारावर सह्या झाल्या सप्टेंबरमध्ये, आणि त्यासोबत एक जोडपत्र दिले गेले, की न्यायालयाने करार बेकायदा ठरविला तरीही कंपन्यांना भरपाई मिळेल. सरकार पडले. नव्या सरकारने कागद उघडले तेव्हा दिसले की खर्चाच्या प्रत्येक डॉलरमागे मूळ हिशेबाने पंचेचाळीस सेंटचाच लाभ धरलेला होता. रस्ता रद्द झाला आणि राज्याच्या महालेखापरीक्षकाने डिसेंबर २०१५ मध्ये सांगितले की न बांधलेल्या या रस्त्यावर एक अब्ज दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला आहे. एक लक्षात घेण्याजोगे : तेथे विरोधी पक्ष, वृत्तपत्रे, लेखापरीक्षक सगळे जागे होते. तरी कागद मिळाला तो सत्ता बदलल्यावरच.

मुंबईची पुढची हकीकत थोडक्यात सांगून टाकू. वांद्रे-वरळी सेतू ३० जून २००९ रोजी खुला झाला. पूर्व मुक्तमार्ग २०१३ मध्ये झाला, आणि विल्बर स्मिथच्या आराखड्याला पन्नास वर्षांनी एक बाजू मिळाली. उड्डाणपुलांच्या खर्चापोटी मुंबईच्या पाच वेशींवर बसविलेला टोल २०१० मध्ये सोळा वर्षांसाठी २,१०० कोटी घेऊन एका कंपनीला देण्यात आला; हलक्या वाहनांना त्यातून मुक्ती मिळाली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी. पश्चिमेचा किनारी रस्ता महापालिकेने स्वतःच्या ठेवींतून बांधला, त्यावर टोल नाही. मात्र समुद्रात भराव घालून होणाऱ्या कामाला जी पर्यावरणीय मंजुरी हवी तीच योग्य रीतीने घेतली गेली नाही, असे ठरवून उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये परवानग्या रद्द केल्या. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली, काम पुढे चालले, आणि मार्च २०२४ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. मच्छीमारांचे वरळी कोळीवाड्याजवळील प्रश्न हा त्यातला एक स्वतंत्र, दुःखद अध्याय आहे.

द्रुतगती मार्गाचा पहिला इजारा संपल्यावर काय झाले? टोल उठला नाही. २०२० मध्ये पुन्हा निविदा निघाली, पुन्हा आयआरबीच्याच कंपनीस हक्क मिळाला, रक्कम ८,२६२ कोटी, मुदत ३० एप्रिल २०३० पर्यंत. एप्रिल २०२३ मध्ये ठरल्याप्रमाणे अठरा टक्के वाढ झाली आणि मोटारीचा टोल २७० वरून ३२० रुपयांवर गेला. पहिल्या वेळचे ९१८ आणि दुसऱ्या वेळचे ८,२६२ हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. वाहतूक वाढली, रुपया घसरला, हे सारे धरूनही आम्हांला वाटते की या फरकातला काही भाग अर्ज लिहिणाऱ्या त्या पुणेकरांच्या खात्यावर जमा करावा लागेल : आकडे उघड झाल्यावर रस्त्याची खरी किंमत सरकारलाही कमी सांगता येईना.

आता आपल्या गावाबद्दल. इंदूर-उज्जैन चौपदरी रस्ता झाला तो मध्य प्रदेश रस्ते विकास महामंडळाच्या वतीने, ‘बांधा-वापरा-हस्तांतरित करा’ या पद्धतीने. आपण सर्वांनी त्यावर टोल भरला आहे. २०२८ च्या सिंहस्थासाठी तो सहापदरी करण्याच्या कामाची पायाभरणी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी १९ सप्टेंबर २०२४ रोजी उज्जैनला केली. खर्च १,६९२ कोटी. पद्धत या वेळी निराळी आहे, तिला हायब्रिड ॲन्युइटी म्हणतात : खर्चाचा काही भाग सरकार बांधकाम चालू असतानाच देते आणि उरलेला, व्याजासह, पुढील अनेक वर्षे हप्त्यांनी. वाहतूक कमी झाली तरी कंत्राटदाराचे हप्ते ठरलेले. म्हणजे इजारदार येथे नाही. येथे सावकार आहे, आणि त्याचे देणे अजून न मांडलेल्या अर्थसंकल्पांत आधीच लिहून ठेवले आहे.

सिंहस्थाच्या जमिनींचा अनुभव ताजा आहे. मेळ्याच्या क्षेत्रात कायमची बांधकामे करण्यासाठी लँड पूलिंगची जी योजना आणली गेली, तिचा अर्थ शिप्रेकाठच्या शेतकऱ्यांना नीट कळेपर्यंत नकाशे तयार होते. त्यांनी संघटित विरोध केल्यावर २०२५ च्या अखेरीस ती मागे घ्यावी लागली. रस्त्याच्या कराराला असा विरोध होणार नाही, कारण त्यात कोणाचे शेत जात असले तरी कोणाचा हप्ता दिसत नाही. सहापदरीकरणाचा सवलत-करार, हप्त्यांचे वेळापत्रक आणि टोल ठेवला तर त्याचे दर, हे तीन कागद माहितीच्या अधिकारात मागण्याजोगे आहेत. अर्ज साध्या कागदावर चालतो, आणि उत्तर देण्याची मुदत तीस दिवसांची आहे.